तांबड्या खडूतली तीन डोकी

शस्त्रवैद्य हुब्रेख्त आला होता तो चित्रकार व्हेर्लिंडेच्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्याला जळवा लावायला. पाय स्टुलावर टाकून व्हेर्लिंडे खारवलेले हेरिंग मासे खात होता आणि तेलकट बोटाने भिंतीवरचा कागद दाखवत होता.

"बघा, वैद्यबुवा! अख्ख्या अँटवर्पात असा घोडा कुणी काढलाय?"

कागदावर दोन उधळलेले घोडे होते. खाली उरलेल्या जागेत तांबड्या खडूने एकाच माणसाचे डोके तीनदा काढले होते. तो मोतद्दार खोरिस. तीन आठवड्यांपूर्वी इथल्याच तबेल्यात घोड्याची लाथ बसून मेलेला. नगरपालिकेच्या दाखल्यात हुब्रेख्तने 'तत्क्षणी मृत्यू' असे लिहिले होते, केवळ व्हेर्लिंडेच्या शब्दावर.

खोरिसची बहीण लिस्केन त्याचे बूट न्यायला आली होती. ती कागदापाशी थांबली. "दादाच! निदान त्याला काही कळलं तरी नाही."

"एका लाथेत संपला गं," व्हेर्लिंडे म्हणाला. "हे आदल्या दिवशीचं."

हुब्रेख्त जवळ गेला. पहिल्या डोक्याच्या डाव्या कानशिलावर अक्रोडाएवढी सूज होती. दुसऱ्यात ती अंड्याएवढी, आणि डावी बाहुली उजवीहून मोठी. तिसऱ्यात दोन्ही बाहुल्या पसरलेल्या, जबडा लोंबलेला. पहिल्या डोक्यापासून तिसऱ्यापर्यंत नाकाची सावली गालावरून ओठापर्यंत सरकली होती. खिडकी तीच धरली, तर किमान दीड तास. हुब्रेख्तचे घर दोन गल्ल्या पलीकडे. त्या दुपारी तो घरीच होता. कवटीला भोक पाडल्यावर अशा पाचांतले दोन जगलेले त्याने पाहिले होते.

"मला का नाही बोलावलंत?"

"अहो, उजेड चालला होता," व्हेर्लिंडे आवाज उतरवून म्हणाला. "घोड्याच्या डोळ्यातलं भय माणसाच्या डोळ्यात आणायला वीस वर्षं धडपडतोय मी. ते समोर पडलेलं! तुम्ही पट्ट्या बांधून झाकून टाकलं असतंत."

त्याने दातांतला काटा काढून फरशीवर टाकला. हुब्रेख्तला किळस आली. त्यातली निम्मी त्या दाखल्याखालच्या स्वतःच्या सहीची होती.

त्याने जळवांच्या बरणीचे झाकण पुन्हा लावले. "लिस्केन, चल माझ्याबरोबर नगरपालिकेत. तुझ्या भावाच्या दाखल्यात मी एक शब्द खोटा लिहिलाय."

"वैद्यबुवा! आणि माझा अंगठा?"

"खडूने काढा ना," हुब्रेख्त दारातून म्हणाला. "तीनदा काढा. उजेड आहे अजून."