मेणाचं बूच

पद्मा दिवाळीच्या सुट्टीत औरंगाबादहून घरी आली ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात लाकडी खोका घेऊन. खोक्यात कापसाची बुचं लावलेल्या काचेच्या नळ्या. पोरगी वर्षानं येते आणि मायजवळ बसायच्या आधी खोक्याला गारवा शोधते, यावर मी दोन शब्द बोलणार होते. पण तिची गालफडं बसलेली दिसली, मग चहाच टाकला.

"आमच्या प्रयोगशाळेतलं फ्रिज बिघडलं, माय. सरांनी नळ्या ज्याच्या त्याच्या हवाली केल्या. ह्या जगल्या तर मला पुण्याला पुढचं काम."

"आन् न्हाई जगल्या तर?"

"मंग काय. बाबांनी बघून ठेवलेली शाळा हाय की."

पद्माच्या बापानं, पुंजाजीनं, आमच्याच गावच्या, डोंगरकड्याच्या शाळेत तिच्या मास्तरकीसाठी हेडमास्तरांकडे शब्द टाकून ठेवला होता. शाळा आमच्या घरापासून हाकेवर. तिची छत्री घरातल्या कोणत्या खुंटीला लागेल, तेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं.

नळ्यांत सायीसारखा पांढुरका थर होता. "यीस्ट," पद्मा म्हणाली. "पाव फुगवायला घालतात ते."

"म्हंजे खमीर. एवढं शिकून पाववाल्याचं काम?"

ती हसली. मला शाळा नाही. ती लहानपणी धडे मोठ्यानं वाचायची आणि मी भाकरी थापता थापता शिकायची. त्यामुळे मला समजावून सांगायची तिला सवय आहे.

"मी यांचा श्वास कोंडते, औषध घालून."

"काहून? काय बिघडवलं त्यांनी तुझं?"

"मरत न्हाईत ते. पेशीच्या आत श्वासाच्या बारक्या भट्ट्या असतात. त्या बंद पडल्या की साखर आंबवून दिवस काढतात. आन् आत जनुकं असतात, कोणतं काम करायचं ते सांगणारी. त्यातली काही गप्प होतात, काही जागी होतात. पण भट्टी बंद पडली, ही खबर जनुकांपर्यंत नेतं कोण, ते कोणालाच बराबर ठाऊक न्हाई. तेच हुडकायचंय."

मग ती कुरुंद्याला आत्याकडे, पारुबाईकडे राहायला गेली. खोका माझ्या हवाली.

दुसऱ्याच दिवशी खोक्याकडे मुंग्यांची रांग. कापसाच्या बुचाला मुंगी काय दाद देते? मी बुद्धवंदनेच्या मेणबत्त्यांची थोटकं साठवून ठेवते. ती वाटीत वितळवली आणि लोणच्याच्या बरणीला करते तसं प्रत्येक नळीचं तोंड कापसावरून बंद केलं. वारासुद्धा शिरणार नाही असं.

"लोणचं घालून राहिली का?" पुंजाजीनं विचारलं.

"मुंग्यांचा बंदोबस्त करून राहिले."

पद्मा परतली, खोका उघडला आणि तिथंच खाली बसली.

"माय, कापूस हवेसाठी असतो गं."

"तूच तं म्हनली, श्वास कोंडते."

"तेवढ्यापुरता. माझ्या हिशेबानं." ती एकेक नळी उजेडात धरून बघायला लागली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मी चुलीकडे तोंड केलं. मेल्या असतील तर छत्री खुंटीला लागणार होती. जगल्या असाव्यात असं वाटत होतं, आणि नसाव्यात असंही. जाळ नीट होता, तरी मी फुंकत राहिले.

पद्मानं मेण खरवडलं. गुळाचं पाणी उकळून गार केलं, तार जाळावर लाल करून निवू दिली आणि नळीतला कण त्या पाण्यात सोडला. बाटलीवर फडकं बांधून झोपली. झोपली कसली, कूस बदलत राहिली.

उजाडल्यावर बाटलीच्या तळातून मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे वर येत होते. तिनं माझा हात ओढून काचेला लावला.

"जगल्या, माय. तुझ्या मेणातबी."

मी म्हटलं, "चिवट हायेत. आपल्यावानी."

मग ती म्हणाली, "शाळेचं बाबांना कसं सांगू?"

सांगू नको, राहा, हे ओठापर्यंत आलं होतं. तिनं माझा हात अजून सोडला नव्हता.

"मी सांगते," मी म्हटलं. "तू खोका बांध."

पुंजाजीनं ऐकलं, तंबाखूची चिमूट मळून तोंडात टाकली. मग टोपी घालून हेडमास्तरांकडे शब्द परत घ्यायला गेला.

पद्मा पुण्याला गेली. सापडलं का काही, विचारलं की म्हणते, अजून न्हाई, माय. गुळाच्या पाण्याची बाटली इथंच राहिली. तिला मी अधूनमधून गुळाचा खडा घालते. झाकण सैल ठेवते.

शाळा सुटल्याची घंटा झाली की माझा हात चहाच्या आधणात एक कप पाणी जास्तीचं टाकतो. ती तिथं शिकवायला नाही, हे मला ठाऊक आहे. हाताला ती खबर अजून पोचलेली नाही. पुंजाजी आपला कप पितो. मग तिचाही.