कुंकू लावलेलं कार्ड

त्या दिवसांत वारूळवाडीत एटीएम कार्डाचं भारी अप्रूप होतं. गोरखने ते आणलं तेव्हा शेजारीपाजारी बघायला जमले. कुणी उजेडात धरून पाहिलं, कुणी चक्क वास घेतला. साल दोन हजार चार. पॉलीहाऊसमधल्या गुलाबाला भाव बरा होता आणि तालुक्यातले दहा बागायतदार फुलशेती बघायला हॉलंडला निघाले होते. गोरख त्यांतला एक.

बँकेतल्या साहेबांनी त्याला पढवून पाठवलं होतं. कार्ड खिशात, नंबर डोक्यात. थोडे युरो वेगळे ठेवा. कार्ड अडलं तर लगेच फोन करा. गोरखने घरी ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्याची आई झुंबरबाई हसायलाच लागली.

“ह्यात नवं काय रं? घोडेगावच्या बाजाराला जाताना मी पैसं तीन जागी ठेवायची. चंचीत थोडं, कनवटीला थोडं, न् लेकराच्या अंगड्यात थोडं. चोर काय तिन्हीकडं हात घालतोय व्हय?”

अंगड्यातलं ते लेकरू म्हणजे गोरखच. तिने त्याच्या बनियनला आतून खिसा शिवला, त्यात दीडशे युरो घातले आणि तोंड टाचून टाकलं.

मग तिने कार्ड देवापुढे ठेवलं. घरात नांगर आला, मोटर आली, राजदूत फटफटी आली, सगळ्यांना तिच्याच हातचं हळदकुंकू लागलं होतं. तसंच ओलं कुंकू तिने कार्डालाही लावलं, दोन्ही बाजूंनी, सढळ हाताने.

गोरखला मात्र लाज वाटली. पुण्या-मुंबईच्या लोकांपुढे असलं लालेलाल कार्ड काढायचं? संध्याकाळी आई गोठ्यात असताना तो मोरीत बसला आणि भांड्यांच्या तारेच्या घासणीने कार्ड लख्ख करून ठेवलं.

हॉलंडच्या पहिल्याच मशीनने ते बाहेर ढकललं. दुसऱ्यानेही. मागे रांग खोळंबलेली. सोबतचा सोपान म्हणाला, “काय राव, लेण्याद्रीच्या गणपतीला न इचारताच आला का?” सगळे फिदीफिदी हसले. बँकेला फोन झाला, पण दुसरी सोय व्हायला पाच दिवस लागणार होते. ते पाच दिवस गोरखचं बनियनमधल्या नोटांवरच निभावलं.

पण हसं झालं ते त्याला फार झोंबलं. सोपानचं फोनकार्ड घेऊन त्याने घरी फोन लावला.

“तुझ्या कुंकवानं कार्ड बिघाडलं, आई. परक्या मुलखात माझं हसं झालं!”



“चुकलं रं, लेका,” झुंबरबाई म्हणाली. “जेवला का तू?”

परतल्यावर बँकेतल्या साहेबांनी कार्डाच्या काळ्या पट्टीवरचे ओरखडे पाहिले आणि विचारलं, “हे कशानं घासलंत?” गोरखला सगळं उमगलं. आईला सांगायचं ठरवून तो घरी आला, पण तिने विषयच काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तोही गप्प बसला. माणूस स्वतःच्या आईपुढेच जास्त भेकड असतो.

पाच वर्षं गेली. दोन हजार नऊमध्ये केनियातले गुलाबमळे बघायला जायचं निघालं आणि नवं कार्ड आलं. आता आई थकली होती. गोरखने आपणहून कार्ड देवापुढे ठेवलं आणि तिला हाक मारली.

झुंबरबाई दारातच थांबली. “वृषालीला लावू दे,” ती म्हणाली. “सुनंचा हात चांगलाय.”

गोरख उठून तिच्यापुढे गेला. “आई, तवा तुझ्या कुंकवानं कायबी झालं न्हवतं. मला लाज वाटली म्हणून म्याच घासणीनं घासलं व्हतं. खोटं बोललो मी.”

ती रागावेल, दोन शिव्या घालेल, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटत होतं.

“म्हंजे माझा हात वंगाळ न्हवता?” तिने हळूच विचारलं. “टेम्पो आला, फ्रीज आला, आपल्या अक्षदाची सायकल आली. पूजेच्या टायमाला मी आपली शेण काढायचं निमित्त करून गोठ्यात जायची, गोरख. माझ्या नातीच्या सायकलीलाबी मी हात लावला न्हाई.”