यादीत नसलेली कवळी

आमच्या अभयारण्याच्या संग्रहालयात मी बारा वर्षं मुलांना वस्तू दाखवतो. हत्तीची कवटी, पेंढा भरलेलं खवल्या मांजर, चोरट्या शिकाऱ्यांकडून जप्त केलेले तारेचे फास आणि सगळ्यात शेवटी माझी कवळी. कवळी वस्तूंच्या यादीत नाही, पण पोरं येतात ती तिच्यासाठीच. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

शाळेची गाडी आली की मी मुलांना देवकाप्रमाणे उभं करतो. सिंहवाले सिंहाच्या कातड्यापुढे, झेब्रावाले झेब्र्यापुढे. ज्यांचं देवक प्राणी नाही, नुसतं हृदय, त्यांना उभं करायला आमच्याकडे जागा नाही, म्हणून ती पोरं छातीवर हात ठेवून दारापाशी. आपलं देवक खायचं नाही, खाल्लं तर दात पडतात, हे बाळकडूतूनच मिळालेलं असतं. मी पुढचं सांगतो. तुम्ही खायचं नाही तसं दुसऱ्याने ते फासात धरायचं नाही, आणि पहारा तुमचा. मग म्हणतो, "माझं देवक हत्ती. मी एकदा खाल्ला. बघा काय झालं ते." आणि वरची-खालची कवळी काढून तळहातावर ठेवतो. पोरं किंचाळतात. मास्तरही दोन पावलं मागे सरकतात.

मार्चमध्ये राजधानीहून लव्हनेस नावाची शिक्षण अधिकारी आली. वय अठ्ठावीस. तीही हत्तीच्या देवकाची, आणि आपल्या देवकाची बाई आमच्यात आत्याच्या मानाची, त्यामुळे साठीला टेकलेल्या माझी ती आत्या लागली. आल्या आल्या तिने जाडजूड नोंदवही काढली. वस्तू कुठून आली, कुणी आणली, पुरावा काय. माझा खेळ तिने मागे उभं राहून पाहिला आणि मुलं गेल्यावर मला गाठलं.

"सामन्यांगा," ती म्हणाली. हत्तीवाल्यांना सगळे याच नावाने हाक मारतात. "दात खरंच त्यानेच पडले?"

"तसं म्हणायची रीत आहे, आत्या."

"दंतवैद्याकडे गेला होतात ना?"

"गेलो होतो, चिरेद्झी शहरात. हिरड्या सडल्या होत्या. त्यानेच उपटले."

"मग पोरांना थापा का मारता? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं चाललंय तुमचं."

"माझे दोन्ही एकच आहेत. खिशात मावतात."

ती हसली नाही. पुढच्या गुरुवारपासून कवळी बंद, असं सांगून गेली. मला राग आला. कालची पोर मला शिकवणार. पण आत्यापुढे आवाज चढवायची आमच्यात सोय नाही.

त्या दिवशी आलेल्या दुसरीच्या वर्गात माझी नात मुफारो होती. तिसऱ्या दिवशी तिचा पुढचा एक दात पडला, चौथ्या दिवशी त्याच्या शेजारचा. सातव्या वर्षी सगळ्यांचेच पडतात. पण वर्गातली पोरं म्हणाली, आजोबाने हत्ती खाल्ला, नातीनेही खाल्ला. तिने कालवण सोडलं, कारण त्यात काय असेल कुणास ठाऊक. नुसता साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खायची. मग तोही सोडला. आई रडली, आजीने मारलं, मी गूळ लावून बोललो. काही उपयोग झाला नाही.

बुधवारी माझा मुलगा फुंगाई तिला सायकलवर बसवून संग्रहालयात घेऊन आला. फुंगाई सायकली दुरुस्त करतो. बाटलीचं झाकण दातांनी उघडतो आणि त्यावरून बायकोची बोलणी खातो.

"बाबा, हिला सांगा ते खोटं होतं म्हणून," तो म्हणाला. "कालपासून पोटात अन्न नाही."

"सांगा, सामन्यांगा," लव्हनेस म्हणाली. "हत्ती खाल्ला नाही, दात हिरड्यांमुळे गेले. एवढंच तर सांगायचंय."

मी तसंच सांगितलं. मुफारोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही खाल्लाच नाही, तर खाल्ल्यावर पडत नाहीत हे तुम्हाला कसं माहीत?"

लव्हनेस नोंदवही चाळायला लागली. उत्तर माझ्याकडे होतं. सत्तावीस वर्षं ते मी पोटात ठेवलं होतं, आणि ते फुंगाईसमोर काढायची मला भीती वाटत होती. पण पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

"मी खाल्लाय," मी म्हणालो. "खराच."

ब्याण्णवच्या दुष्काळात नदीचं पात्र पुरुषभर खणलं तरी ओल लागत नव्हती. गुरं मेली. अभयारण्यात चारा उरला नाही, तेव्हा सरकारने काही हत्ती मारले आणि मांस गावागावात वाटलं. बायकोचं देवक सिंह, तिला खायला हरकत नव्हती. पण पोराला देवक बापाचं. फुंगाई चार वर्षांचा होता आणि त्याच्या मानेला डोकं पेलत नव्हतं. मी वाळवलेल्या पट्ट्या आणल्या, गाईच्या आहेत म्हणालो. तो तोंड उघडेना. म्हणून आधी मी खाल्लं.

फुंगाई सायकलचं हँडल धरून उभा होता. आमच्यात हे पाप आहे. तो निघून जाईल असं मला वाटलं, आणि गेला असता तर मी अडवलं नसतं.

"तुझ्या बाबानेही खाल्लाय," मी मुफारोला म्हणालो. "त्याचे दात मोज."

फुंगाईने मग सायकल भिंतीला लावली, पोरीसमोर उकिडवा बसला आणि तोंड उघडलं. तिने बोट घालून मोजले. एकतीस आले. तिचा विश्वास बसेना, पुन्हा मोजले. बत्तीस.

लव्हनेसने आपला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. साद्झा आणि सुकी मासळी होती. मुफारोने मासळी उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि खाल्ली. काटेसुद्धा ठेवले नाहीत.

"हे नोंदवहीत लिहू का?" लव्हनेसने हळूच विचारलं.

"लिहा. पुरावा उकिडवा बसलाय."

निघताना फुंगाईने पोरीला पुढच्या दांडीवर बसवलं. फाटकापर्यंत गेला आणि पाय टेकून थांबला. मागे वळला नाही.

"बाबा, तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"आणखी मागितलंस."

"मग?"

"दिलं."