वरच्या दोन ओळी

"वरच्या दोन ओळी उडवा," संपादक रंगनाथराव म्हणाले. "अभिनंदनाची जाहिरात बसलीच पाहिजे."

मोतीराम गांगुर्डे याने हातातली जुळणीची स्टिक खाली ठेवली. तो 'दैनिक गोदासूर्य'चा जुळारी, म्हणजे खणांतून शिशाचे खिळे उचलून त्यांच्या ओळी लावणारा माणूस. चोवीस वर्षं तो जगाच्या बातम्या उलट्या अक्षरांत वाचून नाशिककरांना सुलट करून देत होता. नाशिककरांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं आणि त्यात काही गैर आहे असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं.

उडवायच्या होत्या त्या हवामानाच्या वरच्या दोन ओळी. त्या अशा : 'काश्मीर खोरे, लडाख व लगतच्या अतिउत्तर पर्वतीय प्रदेशासाठी उन्हाळी अंदाज.' त्याखालचा मजकूर : 'येत्या दोन दिवसांत मेघगर्जनेसह जोरदार पाऊस, तुरळक ठिकाणी गारा. नागरिकांनी काळजी घ्यावी.'

नाशिकच्या दैनिकात काश्मीरचा पाऊस कशाला, हा प्रश्न एकोणऐंशी सालच्या त्या मे महिन्यात कुणाला पडत नव्हता. नाशिकचा अंदाज तारेने यायचा, तो तिसरं पान मशीनवर चढल्यानंतर. काश्मीरचा मात्र दिल्लीच्या टेलिप्रिंटरवर सकाळीच येऊन पडलेला असायचा, आणि पानात बरोब्बर चार इंच भोक रोज असायचंच. शिवाय काश्मीरचं हवामान एप्रिलपासून इतकं इमानदार होतं की मोतीरामने तो मजकूर एकदाच जुळवून सुतळीने बांधून ठेवला होता. रोज तारीख बदलायची आणि ठोकळा पानात बसवायचा. गुलमर्गला छत्री केव्हा न्यावी हे त्यामुळे पंचवटीतल्या बायकांना तोंडपाठ झालं होतं. गच्चीवर कुरडया केव्हा घालाव्यात, ते मात्र त्यांनी आपलं आपण बघायचं.

"साहेब, वरच्या ओळी काढल्या तर हा पाऊस नाशिकचा होईल," मोतीराम म्हणाला.

"मोतीराम, एप्रिलपासून आपण काश्मीर छापतोय. लोकांना कळत नाही का?"

"मग खालच्या दोन काढतो. काळजी नाही घेतली तरी चालेल."

"खालच्या काढल्या तर आपल्याला लोकांची काळजी नाही, असं दिसेल. वरच्या काढा."

जाहिरातीतले बँकेचे नवे संचालक पानात हसतमुखाने बसले. काश्मीर गेलं.

मंगळवारी नाशिक घाबरलं. दोन लग्नांचे मांडव मैदानातून उठून शाळेत गेले. अर्ध्या ओल्या कुरडया घरात आल्या आणि तिथे आंबल्या. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्याला मोतीरामच्या बहिणीची, विठाबाईची वीटभट्टी होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण 'गोदासूर्य' ती रोज घ्यायची, कारण तो दादा जुळवायचा. शेजारची नवसाबाई तिला वाचून दाखवायची. दादाच्या पेपरात पाऊस आला म्हटल्यावर विठाबाईने थापलेल्या सगळ्या कच्च्या विटांवर पाचट, गोणपाट आणि घरातल्या दोन सतरंज्या टाकल्या, आणि दोन दिवस काम बंद ठेवलं.

मंगळवारी आणि बुधवारी नाशिकचं आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखं होतं.

गुरुवारी सकाळी मांडववाला पुंजा शिंदे कचेरीत आला आणि टेबलावर पेपर आपटून म्हणाला, "कुठंय तुमचा पाऊस? दाखवा मला. मी उभा राहतो त्यात." त्याच्यामागे आंबलेल्या कुरडयांचं पातेलं घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्यांनी फक्त झाकण काढलं.

रंगनाथरावांनी वास घेतला, चष्मा पुसला आणि मान हलवून जुळारीखान्याकडे बोट दाखवलं. "तिकडे झालं ते. खिळे जुळवताना नजरचूक. माणूस आहे, वय झालंय."

मोतीरामचं वय एकोणपन्नास होतं. रंगनाथरावांचं त्रेसष्ट.

दुपारी खुलाशाचा कागद मोतीरामच्या हातात आला. 'मंगळवारी जुळाऱ्याच्या चुकीमुळे काश्मीरचा अंदाज नाशिकचा म्हणून छापला गेला. दिलगीर आहोत. नाशिक व परिसरात पावसाची कोणतीही शक्यता नाही.'

त्याने तो दोनदा वाचला. कान तापले. चोवीस वर्षांत त्याच्या हातून एक वेलांटी उलटी गेली नव्हती. वशिला नसलेल्या माणसाची तीच काय ती कमाई.

"साहेब, ओळी तुम्ही काढायला लावल्या."

"मी कुठे नाही म्हणतोय? पण संपादकाची चूक असं छापलं तर पेपरची अब्रू जाते. जुळाऱ्याची म्हटलं तर कुणाचंच काही जात नाही."

"आणि हे शेवटचं? पावसाची शक्यता नाही, असं कुणी कळवलं?"

रंगनाथराव खिडकीशी गेले, वाकून वर पाहिलं आणि परत येऊन बसले. "नाही," म्हणाले. "शक्यता नाही."

मोतीरामने खुलासा जुळवला. आपल्यावरचा आळ आपल्याच हाताने, एकेक अक्षर उचलून, ओळींच्या कडा सरळ ठेवून. रागात माणूस चुका करतो म्हणतात. त्याने एकही केली नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

उद्या सुटलो की भट्टीवर जाऊन विठाला सांगू, असं त्याने ठरवलं. शुक्रवारी दुपारी दोन वाजता रामशेज किल्ल्याच्या मागून काळं वर येताना दिसलं, तसा तो अर्धं काम टाकून सायकलवर बसला. म्हसरूळला पोचेपर्यंत वारा समोरून ढकलत होता. मग वळीव असा कोसळला की हँडल दिसेना.

भट्टीवर पोचला तेव्हा पाऊस थांबला होता. विठाबाई एका ओंडक्यावर बसली होती. समोर विटांच्या ओळी होत्या, म्हणजे सकाळपर्यंत होत्या. आता नुसता चिखल होता. त्यात कुठे कुठे 'भिमा' अशी अक्षरं विरघळताना दिसत होती. भिमा म्हणजे भिमाबाई, त्यांची आई. प्रत्येक भट्टीवाला साच्यात आपली खूण कोरतो, आणि या साच्यात आईचं नाव मोतीरामनेच कोरून दिलं होतं, उलट्या अक्षरांत.

"पाचट काढलं व्हतं?" त्याने विचारलं.

"सकाळीच काढलं. म्हनलं, तीन दिस झाकलेल्या हायेत, वाळू दे चांगल्या." ती चिखलाकडेच बघत होती. "नवसाबाईनं वाचलं, पावसाची शक्यता नाय. जुळाऱ्याची चूक झाली व्हती म्हनून. मी म्हनलं, दादाची चूक? लय नवल. पर म्हनलं, पेपरात हाय, म्हंजी दादानंच जुळवलं आसंल."

"मीच जुळवलं."

"चूक तुझी व्हती?"

"नाही."

"मंग जुळवलंस कशाला?"

मोतीराम तिच्याशेजारी बसला. खिशात ओली टोपी होती, ती त्याने पिळली.

शनिवारी रंगनाथराव खुशीत होते. नवी बातमी त्यांनी स्वतः लिहिली होती. मथळा : 'गोदासूर्यचा इशारा अखेर खरा ठरला.'

"कुठला इशारा?" मोतीरामने विचारलं.

"मंगळवारचा. सगळ्या जिल्ह्यात आपण एकट्यानेच तर सांगितलं होतं."

"ते काश्मीरचं होतं. आणि ते चुकीचं होतं असं काल आपणच छापलंय, माझ्या नावावर."

"तुमचं नाव कुठंय त्यात? जुळारी म्हटलंय."

"इथे जुळारी एकच आहे, साहेब."

"आता इशारा खरा ठरला म्हणजे चूक राहिलीच नाही. तुम्हीही सुटलात. आनंद माना."

मोतीराम खिळ्यांच्या खणांपाशी गेला. एक ओळ जुळवली, शाई लावून कागदावर उमटवली आणि कागद रंगनाथरावांच्या पुढ्यात ठेवला. 'मंगळवारी चूक जुळाऱ्याची नव्हती.'

"बातमीच्या खाली एवढं टाका," तो म्हणाला. "एक ओळ. जागा आहे."

"हे छापणार नाही मी."

"मग तुमचा मथळा मी जुळवणार नाही."

रंगनाथरावांनी त्याच्याकडे पाहिलं. हे टेबल बोलतंय की खुर्ची, अशा नजरेने. "सोमवारपासून येऊ नका कामावर."

"सोमवारी मला विटा थापायच्यात," मोतीराम म्हणाला.

निघण्याआधी त्याने सुतळी सोडली. काश्मीर, लडाख, मेघगर्जना, गारा, सगळं सुटं करून खिळा न् खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकला. आपली ती एक ओळ मात्र त्याने पुसून, सुतळीने आवळून जेवणाच्या डब्यात ठेवली. "ही उसनी नेतोय," त्याने दारातून सांगितलं. "मंगळवारी आणून देतो." तो आणून देणार होता. छापखान्याचं शिसं घरात ठेवणाऱ्यातला तो नव्हता.

रविवारी सकाळी भट्टीवर चिखल पुन्हा तुडवून झाला होता. विठाबाईने साचा भरला, कडा हाताने साफ केल्या आणि साचा उचलला. ओली वीट जमिनीवर बसली, वर 'भिमा'. मोतीराम उकिडवा बसला, डब्यातून ओळ काढली आणि आईच्या नावाखाली दोन्ही अंगठ्यांनी हळूच दाबली.

ओळ उचलली तशी अक्षरं सुलट उमटली.

"काय लिवलंस?" विठाबाईने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. तिने मान वाकवून ती ओळ पाहिली, जशी काही आता वाचता येणार होती.

"ही इकायची का ठिवायची?"

"वीटच हाय ना ती. विक."

"भिताडात जाईल. वरून गिलावा. कोन वाचनार?"

"जाऊ दे."

तिने पुढची वीट थापली, मग त्याच्या पुढची. ती वीट ओळीत इतर विटांसारखीच दिसू लागली. मोतीरामने हात धुतले आणि रामशेजकडे पाहिलं. आकाश स्वच्छ होतं, ढगाचा ठिपका नव्हता.

त्याने उठून विटांवर पाचट घालायला घेतलं.