कडी आतून लागली होती

मी दरवाजा बोलतोय. फिनलंडमधल्या कोत्का गावच्या बंदराजवळच्या एका पिवळ्या लाकडी घराचा. झालं त्याला आठ महिने उलटले, तरी माझ्या फळ्यांतली थरथर काही गेलेली नाही.

मला तौनो सुताराने स्वतःच्या हाताने घडवलं, एकुलत्या एका लेकीसाठी. साइमी दवाखान्यात नर्स होती. हे घर तिने नुकतंच घेतलं होतं. मी चौकटीत बसलो त्याच आठवड्यात बंदरावर एका खलाशाला त्याच्याच दारूच्या बैठकीतल्या दोस्ताने भोसकलं. गावभर तीच चर्चा. दुसऱ्या दिवशी तौनो बोटाएवढी जाड लोखंडी कडी घेऊन हजर!

"बाबा, तुरुंग करताय का माझा?" साइमी हसली.

"हसू नकोस. घरात शिरलीस की आधी कडी. मग कोणाची टाप नाही तुला हात लावायची."

मलाही ते पटलं. वाईट ते बाहेर ठेवायचं, हाच आम्हा दरवाजांचा धर्म. मी ताठ उभा राहिलो.

दोन वर्षांनी साइमीचा जोडीदार म्हणून किम्मो या घरात राहायला आला. शाळेत गणित शिकवायचा. हातात वेलचीचे गरम पाव, जिभेवर साखर. आल्या आल्या माझ्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला त्याने तेल घातलं. तौनो खूश, मीही खूश.

मग हळूहळू तो माझ्याआड घड्याळ घेऊन उभा राहायला लागला.

"दहा मिनिटं कुठे होतीस?"

"बस चुकली रे."

"बस चुकली, की कोणी भेटला?"

मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. साइमी बाहेरून माझ्यावर तळहात टेकायची, खोल श्वास घ्यायची आणि मगच किल्ली फिरवायची. स्वतःच्याच घरात शिरताना! एकदा शेजारच्या आर्वोने तिच्या मनगटावरचा निळा डाग पाहिला.

"हे काय गं?"

"कपाट लागलं."

आर्वो मान हलवून निघून गेला. मला सगळं ठाऊक होतं. पण दरवाजाला कोण विचारतंय?

मे महिन्यात तिने मन घट्ट केलं आणि ती बाबांकडे राहायला गेली. एका रविवारी भर दुपारी सामान न्यायला आली. किम्मोने हसत मला उघडलं.

"ये. कॉफी ठेवलीय."

"कॉफी नको. दोन खोकी घेते आणि निघते."

ती आत गेली. त्याने मला लावलं आणि कडी सरकवली.

थोड्याच वेळात माझ्यावर मुठी आदळल्या. आतून! मी हबकलोच. इतकी वर्षं मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो.

"किम्मो, उघड! उघड ना!"

आर्वो धावत आला, खांद्याने मला धडका देऊ लागला. "साइमी! कडी काढ!" कडी तसूभर हलली नाही. आपण उभं फाटावं म्हणून मी जीव टाकत होतो. त्याने कुऱ्हाड आणून मला फोडलं, तोवर आत सगळं शांत झालं होतं. किम्मो टेबलाशी बसून होता.

तौनो आला तेव्हा तपास करणारी पोलीस अधिकारी वुओक्को उंबऱ्यात उभी होती.

"कोण घुसलं होतं आत?" त्याने विचारलं.

"कोणी नाही, तौनो. बाहेरचं कोणीच नाही."

त्याने माझ्यावरची कडी चाचपली.

"पुरुष मारले जातात ते बहुधा दुसऱ्या पुरुषांकडून, दारूत, भांडणात," वुओक्को हळू आवाजात म्हणाली. "बाईचा खून झाला की मी आधी तिच्या जवळच्या माणसाकडे बघते. आणि ती सोडून निघाली की धोका सगळ्यात जास्त. बावीस वर्षं हेच बघतेय."

"मग हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?"



किम्मो तुरुंगात आहे. मी दोन तुकडे होऊन तौनोच्या कारखान्यात भिंतीला टेकलोय. तो मला जोडत नाही, जाळतही नाही.

परवा साइमीच्या दवाखान्यातली आइला आली. नवऱ्याला सोडलंय, म्हणाली. त्याच्या घरून कपडे आणायचेत, खोकी असतील तर द्या. "एकटीच जाऊन येईन. पाच मिनिटांचं तर काम."

तौनोच्या हातातला रंधा गळून पडला. "एकटी? अजिबात नाही!" त्याने वुओक्कोला फोन करून बोलावलं, आर्वोला हाक मारली, गाडी काढली.

वाचकहो, मी लाकूड. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. अशी कोणी निघाली, तर तिच्यासोबत जा.

उजेड असतानाच गाडी परत आली. मी गाडीची दारं मोजली: चार उघडली, आइलासकट चार जणं उतरली.