अंगठी ‘नाही’ म्हणाली

"दादा, मला शिट्टी वाजवायला तूच शिकवलंस ना?"

प्रश्न बडबडीला मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावलेला. "हिंमत असेल तर असं काहीतरी विचार, जे तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही," असं दोघींनी डबा खाताना बजावलं होतं. विचारलं नाही तर आठवडाभर त्यांची दप्तरं हिनं वाहायची. बडबडीला कुणी हिमतीवरून डिवचलं की संपलंच. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तर ती घरातल्या आरशालाही भाषण ऐकवायची.

इस्त्रीच्या दुकानावरच्या त्या खोलीत तीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. मधल्या बुटक्या टेबलावर एक कागद. त्यावर दोन रेघा, उभीवर ‘होय’ लिहिलेलं, आडवीवर ‘नाही’. कागदावर दोऱ्यानं लोंबकळत होती दादाची अंगठी, आणि दोरा आईच्या चिमटीत.

गेलेल्या माणसांशी बोलणं करून देणाऱ्या अंगठीमाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "बघा बरं, मी शिवतसुद्धा नाही. मी आपली टपालपेटी. पत्र तुमचं, उत्तर त्यांचं." हे त्या दर रविवारी म्हणत आणि लोक माना डोलावत. टपालपेटीकडे रिकाम्या हातानं मात्र कुणी येत नसे.

आईवर संशय घेणार कोण? ती शिवणकाम करणारी, एका झटक्यात सुईत दोरा ओवणारी. तिचा हात हलत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आठ महिन्यांपूर्वी दादा ट्रकखाली गेला आणि आईचं जेवण सुटलं. अंगठी बोलायला लागल्यावर कुठे दोन घास पोटात जाऊ लागले. मग सगळंच दादाला विचारून व्हायला लागलं. मागच्या रविवारी आईनं विचारलं, "गोळ्या घेत राहू का रे?" अंगठी म्हणाली, नाही. त्या दिवसापासून ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की गोळ्या सोडल्या तर काहीही होऊ शकतं. दप्तरांची पैज हा नुसता बहाणा होता. बडबडी आली होती ती गोळ्यांसाठी.

अंगठी हलली. आधी जराशी, मग झोकात. आडवी. नाही.

बडबडी बघतच राहिली. दोन आखूड, एक लांब, ही दादाची शिट्टी. तो कोपऱ्यावर वळला की ती ऐकू यायची आणि आई मशीनवरून उठून कडी काढायची. मुलींनी शिट्ट्या मारू नयेत असं आईचं म्हणणं, म्हणून दादानं तिला ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे लपून शिकवली होती. ते दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आणि दादाच नाही म्हणतोय?

तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि वाजवली.

आई उठली. हातातला दोरा टाकून, लोकांच्या पायांवरून तडक दाराशी गेली आणि तिनं कडी काढली. बाहेर रिकामा जिना होता. कडीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

शिट्टी परत गिळता आली असती तर बडबडीनं गिळली असती.

"शंकेखोर माणूस बसलं की आत्मे रुसतात," अंगठीमाई म्हणाल्या.

"दादा रुसला की माझ्या चपला लपवायचा. खोटं नाही बोलायचा." तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "आई, ये. एकदाच. डोळे मिटून धर आणि विचार, तू डावखुरा होतास का?"

आईनं परत येऊन दोरा धरला, डोळे मिटले. बडबडीनं कागद हळूच आडवा फिरवला. आईनं विचारलं. अंगठी ‘होय’च्या जुन्या दिशेनं, उभी हलली, पण तिच्याखाली आता ‘नाही’ होतं.

"अगो, पक्का डावखुरा होता की तो," मागून एक मावशी म्हणाल्या.

"हे आईला माहीत आहे, मावशी. अंगठीला नाही."

इतका वेळ गप्प बसलेले बाबा उठले. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी दोरा घेतला आणि खिडकीच्या गजाला बांधला. "आता विचारा काय ते." दोघातिघांनी विचारलं. अंगठी ढिम्म.

"यात कुणी खोटं बोलत नाही," बडबडी म्हणाली. "आमच्या विज्ञानाच्या बाईंनी करून दाखवलं. मनात जे उत्तर असतं त्याच्याकडे बोटं किंचित सरकतात, आपल्याला न कळता, आणि लांब दोऱ्यावर ते मोठं दिसतं. घरी करून बघा. दोरा खिळ्याला बांधा, डोळे मिटा, कागद फिरवा. आणि मग ठरवा, आपलं माणूस बोलतंय की आपणच."

लोक एकेक करून उठले. अंगठीमाईंनी पाणी मागितलं, टपालपेटीला तहान लागली होती.

रस्त्यात आई पुढे चालत होती, मागे बडबडी हवेत होती. "बाबा, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण त्या दिवशी ती जेवली गं. मग माझी जीभ उचलेना."

कोपऱ्यावर मात्र तिचे पाय थांबले. हात आईचा. उत्तर आईचं. मग गोळ्या नकोत, हे कोण म्हणालं होतं?

तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांनाही तेच सुचलं असावं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

घरी आई मशीनपुढच्या स्टुलावर बसली, हात उताणे मांडीवर ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "मीच असं म्हणतेय, हे खरंच माहीत नव्हतं." मग स्वतःच्या तळव्यांकडे बघत, "तो गेला त्या दिवशी त्याची शिट्टी ऐकली मी. उशीर केला म्हणून कडी काढली नाही. जरा उभा राहू दे म्हटलं. तो परत फिरला, मोठ्या रस्त्याकडे. रागावलास का, हे मी दर वेळी विचारायची. तो नाही म्हणायचा."

ते ‘नाही’ही कुणाचं होतं, ते आता तिघांना ठाऊक होतं. बाबा भिंतीकडे वळले.

बडबडीनं कपाटातून गोळी काढली, पेल्यात पाणी घेतलं आणि दोन्ही आईच्या हातात ठेवलं. आईचा हात थरथरत होता. सगळ्यांना दिसेल इतका.

"तो रागावला होता की नाही, ते आपल्याला कधीच कळणार नाही, आई. अंगठीलाही नाही," ती म्हणाली. "पण मी एक ठरवलंय. दोघांनी ऐका. रोज शाळेतून येताना मी कोपऱ्यावर शिट्टी वाजवणार. दादाची नाही, माझी वेगळी. बाबा, तुम्ही घरात असलात तरी जागचं हलायचं नाही. कडी आईनंच काढायची. रोज. आणि त्यासाठी तिनं असायला हवं."