चार कोऱ्या ओळी

लुब्नाचा निकाह दुपारी अस्रच्या नमाजानंतर होता, आणि सकाळचे अकरा वाजले तरी आजी-नातीचा तह काही होत नव्हता. इनायतबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद तिसऱ्यांदा जेवणाच्या टेबलावर ठेवला. लुब्नानं तो तिसऱ्यांदा परत सरकवला आणि वर चहाचा पेला ठेवला, म्हणजे विषय संपला.

कागदावर एकच वाक्य होतं. 'पती आपल्या पत्नीला, ती म्हणेल तेव्हा स्वतःला तलाक देण्याचा अधिकार सोपवतो.' अख्खं कैरो याला इस्मा म्हणतं. लग्न सोडवायची दोरी म्हणा. ती एरवी नवऱ्याच्या मुठीत असते, आणि करारात हे वाक्य पडलं की बायकोच्या मुठीतही येते. निकाहनाम्याच्या छापील कागदावर 'विशेष अटी' असं लिहून त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात. त्या चार ओळी तिथं छापल्या जाव्यात म्हणून इनायतबाईंनी वकिली सांभाळून चौदा वर्षं समित्यांच्या खुर्च्या झिजवल्या होत्या. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, गुडघे बोलत होते, आणि ज्या मुलीसाठी हे सगळं केलं असं त्यांना वाटत होतं ती मुलगी समोर बसून नखांना रंग लावत होती.

"तेता, हे 'सोपवतो' काय आहे?" लुब्नानं नखावर फुंकर घालत आजीला विचारलं.

"क्रियापद."

"ते कळतं मला. पण कोण सोपवतो? कुणाचं सोपवतो? निघून जायचा हक्क माझा, आणि तो मला शेहाब सोपवणार? वाढदिवसाची भेट आहे का?"

"कायद्यात तो त्याचाच आहे, बये."

"मग तू चौदा वर्षं काय केलंस?"

"चार ओळी," इनायतबाई म्हणाल्या.

लुब्ना हसली नाही. अठ्ठावीस वर्षांची होती. रस्त्यात, ऑफिसात ज्या मुलींना त्रास होतो त्यांच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या, त्यांना वकील मिळवून द्यायचा, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांची रडणी ऐकून तिला समजुतीची भाषा सोसत नसे. लग्नही ती करत होती ते, तिच्या म्हणण्याप्रमाणे, कागदाशिवाय कुणी घर भाड्यानं देत नाही म्हणून. शेहाबवर तिचा जीव होता, पण ते वेगळं खातं.

स्वयंपाकघरातून राविया काहकचं, पिठीसाखरेत घोळलेल्या बिस्किटांचं, ताट घेऊन आली. ही इनायतबाईंची मुलगी, लुब्नाची आई. डोक्याचा रुमाल सकाळपासूनच टाचण्या लावून नीट बसवलेला, कारण पाहुण्यांचा भरवसा नव्हता. "अजून तेच चाललंय? अगं, शब्दाचा किती कीस पाडाल! शेहाबच्या घरचे म्हणतील, नवरीला मिशा आहेत की काय."

"म्हणू देत," इनायतबाई म्हणाल्या.

"तुला काय जातंय म्हणायला! आणि ममा, इस्मा तुझ्या समितीनं शोधून काढला नाही. फिकहच्या, धर्मशास्त्राच्या पुस्तकांत हजार वर्षं पडलाय. तुझ्या मैत्रिणींना ती पुस्तकं उघडायला लाज वाटायची, एवढंच."

"आणि तुझ्या मशिदीतल्या मैत्रिणींना ती मिटायला भीती वाटते."

"आणि माझ्या मैत्रिणी पुस्तकंच वाचत नाहीत," लुब्ना म्हणाली. "म्हणून टाका, म्हणजे तिघींचा हिशेब फिटला. आई, काहक दे."

तिघींनी काहक खाल्लं. पिठीसाखर सगळ्यांच्या कपड्यांवर सांडली आणि त्यावरूनही थोडं भांडण झालं. मग लुब्ना आजीकडे वळली. "तू तिथं काही बोलणार नाहीस. मी सांगेन, 'अटी नाहीत.' वचन दे."

"आणि उद्या अडकलीस तर?"

"तर तेव्हा लढेन. तू लढलीसच ना?"

इनायतबाई लढल्या होत्या खऱ्या, पण लोकांच्या मुलींसाठी. त्यांनी हळूच रावियाकडे पाहिलं. राविया टेबलावरची साखर फडक्यानं गोळा करत होती.

तीस वर्षांपूर्वी रावियाचं लग्न लागलं तेव्हा करारावर कोऱ्या ओळी नव्हत्या, पण अट घालून घ्यायला कायद्याची मनाई नव्हती. हे त्या दिवाणखान्यात एका बाईला नक्की माहीत होतं, आणि ती बाई नवरीची आई होती. त्याच महिन्यात तिनं याच विषयावर दोन भाषणं ठोकली होती. पण नवऱ्यामुलाचा बाप मोठा माणूस, खोलीत पन्नास पाहुणे, आणि आपण तोंड उघडलं तर 'वकीलबाईंनी लग्नातही दावा मांडला' असं हसं होईल, या भीतीनं इनायतबाई मूग गिळून बसल्या. दोन वर्षांत घर मोडलं आणि ते कागदावर मोडायला पुढं सहा वर्षं लागली. नवरा कुवेतला निघून गेला आणि तलाक मात्र देईना. राविया कडेवर लुब्नाला घेऊन तारखांमागून तारखांना उभी राहिली. शेवटी बायकोला स्वतःहून सुटका मागू देणारा 'खुला'चा कायदा आला, तेव्हा मेहेराची रक्कम परत करून आणि सगळ्या हक्कांवर पाणी सोडून ती सुटली. त्यानंतर तिनं डोक्याला रुमाल बांधला. इनायतबाईंना वाटायचं, हा रुमाल म्हणजे आपल्यावरचा राग आहे. एकदा त्यांनी तसं विचारलंही. राविया म्हणाली, "ममा, सगळं तुझ्याबद्दल नसतं." त्या लग्नाच्या दिवसाबद्दल मात्र ती कधी एक अक्षर बोलली नाही, आणि इनायतबाईंना तेच सोसायला जड जाई.

"देते वचन," त्या नातीला म्हणाल्या. त्यांच्यात वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं. समितीत मंत्र्यांशी भांडताना असं कधी झालं नव्हतं, पण मंत्री काही नखं रंगवत बसत नसत.

अस्रनंतर मन्यल भागातल्या त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. शेख सुब्ही आपली जाडजूड वही, शाईचा पॅड आणि लाकडी पट्टी घेऊन आले. सरकारदरबारी लग्नं नोंदवणारा हा माणूस, गोल, हसतमुख, घामाघूम. त्यांच्या एका सवयीची इनायतबाईंना ऐकूनच चीड होती. 'विशेष अटी'पाशी आले की ते कुणाला विचारतच नसत. पट्टी लावून त्या चार ओळींवर तिरकी रेघ ओढत आणि शेजारी 'काही नाहीत' लिहीत. नंतर कुणी मागाहून घुसडू नये म्हणून, असं ते सांगत. शहरातले निम्मे शेख हेच करत. चौदा वर्षांचं काम एका पट्टीनं दोन सेकंदांत उरकत असे.

लुब्नानं एक गोष्ट मात्र आधीच ठणकावली होती. पांढऱ्या रुमालाखाली शेहाबच्या हातात हात देऊन ती स्वतःच कबूल म्हणणार होती; तिच्या वतीनं मामा नाही, काका नाही. प्रौढ मुलीला कायद्यानं तो अधिकार आहे, हे शेखांना फोनवर समजावलं ते इनायतबाईंनीच. त्याबद्दल कुणी त्यांचे आभार मानले नव्हते, आणि त्यांनीही वाट पाहिली नव्हती.

कबुली झाली. बायकांनी जिभा हलवून असा काही गलका केला की खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांनी भोंगे वाजवून उत्तर दिलं. शेख सुब्ही करार भरू लागले. नावं, जन्मतारखा, मेहेर. मग त्यांचा हात पट्टीकडे गेला. इनायतबाईंनी मांडीवरचे हात घट्ट धरले. वचन दिलं होतं.

"थांबा, मौलाना," शेहाब म्हणाला. भला पोरगा, नव्या सुटात अवघडलेला. त्यानं इनायतबाईंकडे पाहून हसून मान हलवली. सकाळचं भांडण लुब्नानं त्याला फोनवर सांगितलं असणार, आणि आजीला खूश करायची ही संधी त्यानं हेरली होती. "अट लिहा. इस्मा. मी देतो तिला."

खोलीत टाळ्या पडल्या. शेहाबच्या आत्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मर्द असावा तर असा!" कुणीतरी ओरडलं. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसू लागले. शेख सुब्ही तर सद्गदित झाले. "सव्वीस वर्षं लग्नं लावतोय," ते म्हणाले, "असा दिलदार नवरा नाही पाहिला. मुली, नशीब काढलंस."

सगळे शेहाबकडे पाहत होते. लुब्नाकडे पाहणारी एकटी तिची आजी होती. पोरीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता, आणि ती लाज नवरीची नव्हती. इनायतबाईंना सकाळपासून जे समजत नव्हतं ते तेव्हा समजलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं. त्यांची चौदा वर्षं, ती निवेदनं, ते खटले, शेवटच्या बैठकीत रडलेल्या त्या बायका, सगळं या सुटातल्या मुलाच्या दिलदारपणात जमा झालं होतं. त्याचा काही दोषही नव्हता.

"मौलाना," लुब्ना म्हणाली, "'सोपवतो' लिहू नका. 'हा अधिकार पत्नीकडे आहे' असं लिहा."

"तसं नाही लिहिता येत, मुली. नोंदणीत कागद परत येईल, मग जा-ये करत बसा. उस्ताझा इथंच आहेत, त्यांना विचार."

उस्ताझा, म्हणजे वकीलबाई, म्हणजे आपण. इनायतबाईंच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. खोलीतली सगळी डोकी वळली.

"तेता, दुसरं क्रियापद आहे?"

समितीत याच शब्दावर अकरा बैठका झाल्या होत्या. इनायतबाई हरल्या होत्या, आणि हरल्यावर निदान कोऱ्या ओळी तरी द्या, असं म्हणून उठल्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं चालत नाही."

"मग असं त्याच्याकडून घेऊ? की नको लिहायला?" लुब्नाचा आवाज बारीक झाला होता. "तू सांगशील तसं करते. सकाळचं वचन सोडलं तुला."

शेख पेन उचलून थांबले. शेहाबच्या कपाळावर आठी पडली. आपलं काय चुकलं ते त्याला उमगेना. 'नको' म्हटलं असतं तर ही पोर ताठ मानेनं उठली असती आणि जन्मभर आजीला डोक्यावर घेऊन नाचली असती. इनायतबाईंना ते हवंही होतं. नातीनं एकदा तरी आपल्याकडं कौतुकानं बघावं, एवढी साधी हाव त्यांना होती. पण शेहाब आज चांगला आहे, आणि तीस वर्षांपूर्वीचा तो मुलगाही लग्नाच्या दिवशी चांगलाच होता.

"लिहा, मौलाना," त्या म्हणाल्या. "'सोपवतो' लिहा."

लुब्नानं सही केली. शाईत अंगठा बुडवून उमटवला. मग बोट पुसत ती गर्दीतून पलीकडे गेली आणि तिनं आजीकडे एकदाही मान वळवली नाही. मागे शेहाबची आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमच्या शेहाबनं दिलं हो! स्वतःहून दिलं!"

इनायतबाई उठल्या आणि धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. तिथं राविया एकटीच गुलाबाचं सरबत पेल्यांत ओतत होती.

"ती माझ्यावर रागावली," इनायतबाई स्टुलावर बसत म्हणाल्या.

"रागावू दे."

"तुलाही नकोच होतं ना? मिशा म्हणत होतीस."

"म्हणत होते." राविया ओतत राहिली. पेले भरत आले होते. "माझ्या वेळीही एवढंच म्हणायचं होतंस, ममा. 'लिहा, मौलाना.' दोन शब्द. मी रागावले असते. महिनाभर बोलले नसते तुझ्याशी."

या वाक्याची इनायतबाईंनी तीस वर्षं वाट पाहिली होती, आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. वकिलाला शोभेल असं, मुद्देसूद, त्या काळच्या कायद्याच्या कलमांसकट. त्यातलं त्यांना आता काही आठवेना.

"लाज वाटली गं मला," त्या म्हणाल्या. "लोकांची."

"माहीत आहे," राविया म्हणाली. तिनं ताट उचलून आईच्या हातांत दिलं आणि ते नीट धरलं जाईपर्यंत खालून आपला हात काढला नाही. "आता बाहेर ने. लुब्नाला आधी दे. घेणार नाही ती. तरी दे."